चिन्हांची यादी आणि मतदाराचें बोट

संगणकाच्या पडद्यावर एकाखालीं एक मांडलेल्या पर्यायांस ‘मेनू’ म्हणतात. ही यादी चांगली केव्हां म्हणावी? दुसऱ्यास न विचारतां ज्याचा त्याला आपला पर्याय सांपडेल तेव्हां. संगणक घरोघरीं येण्यापूर्वींच या देशांत ही कसोटी मतदानकेंद्रांत लागली.

१९५१ सालीं शंभरांतील जेमतेम १८ माणसांस लिहितां-वाचतां येई. त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. अहमदनगर जिल्ह्यांत अकोले तालुक्याच्या डोंगरांतील किंवा जामखेडच्या माळावरील निरक्षर शेतकऱ्यापुढें नांवांची यादी ठेवून काय उपयोग? ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी, तर मताची गुप्तता गेली. आणि गुप्तता गेली कीं गांवच्या बड्यांचा धाक आलाच. म्हणून प्रत्येक उमेदवारास स्वतंत्र पेटी व तिच्यावर चिन्ह दिलें: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचें झाड. मतपत्रिका हव्या त्या पेटींत टाकली कीं काम झालें.

परंतु उमेदवार वाढले कीं पेट्या वाढत. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत सर्व नांवें व चिन्हें एकाच कागदावर आलीं. पेट्यांची गर्दी हटली, पण चुकीला नवी जागा झाली. शिक्का दोन रकान्यांच्या मध्यें पडला कीं मत बाद.

१९८२ सालीं केरळांतील परवूर येथें यंत्र प्रथम वापरलें गेलें. त्याला पुढें जें रूप आलें, तें ठरविण्यांत पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या अध्यापकांचा वाटा होता. एका ओळींत नांव, चिन्ह व निळी कळ. कळ दाबतांच त्याच ओळींत तांबडा दिवा लागतो. एका फळीवर ओळी सोळाच. २००४ च्या लोकसभा निवडणुकींत देशभर हीं यंत्रें आलीं. अहमदनगर व तेव्हांचा कोपरगांव हे मतदारसंघहि त्यांत आले.

तथापि साक्षरता वाढल्यानें चिन्हाची गरज संपली नाहीं. २०१४ सालीं रायगड मतदारसंघांत सुनील तटकरे २,११० मतांनीं पराभूत झाले. त्यांच्याच नांवाच्या दुसऱ्या उमेदवारास ९ हजारांवर मतें पडलीं होतीं. पुढच्याच वर्षीं यादींत उमेदवारांचीं छायाचित्रें देण्याचें ठरलें. निरक्षरासाठीं केलेली सोय अखेर वाचतां येणाऱ्याच्याहि उपयोगी पडली. यादी मांडणाऱ्यानें आपल्याला ती कळते कीं नाहीं, हें पाहून भागत नाहीं. एकट्यानें तिच्यापुढें उभ्या राहिलेल्या माणसाचें बोट योग्य जागीं पडतें कीं नाहीं, हें पाहावें.