बेंजोची कुळकथा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. लग्नापूर्वी चार वर्षे पेटी शिकले, एवढीच माझी संगीतातली पुंजी. परंतु गेल्या गणपतीत माळ्यावरून मोदकपात्र काढताना धाकट्या भावोजींचा बेंजो हाती लागला. तारा गंजलेल्या, दोन बटणे गळालेली. तो पाहून माझ्या हातून घडलेली एक जुनी चूक आठवली, आणि तिच्या निमित्ताने या वाद्याची थोडी माहिती मिळवली. तीच येथे देते.

भावोजी मुंबईला गिरणीत होते. एका वर्षी चतुर्थीला ते हे वाद्य घेऊन लोट्याला आले आणि संध्याकाळी पडवीत बसून वाजवू लागले. मी घरातली पेटी शिकलेली सून. मला ते खडखडणारे वाद्य अगदीच हलके वाटले. सर्वांदेखत म्हणाले, “भावोजी, तुमचा टाइपरायटर आता बंद करा, आरतीची वेळ झाली.” सारे हसले, भावोजीही हसले. मात्र त्यानंतर ते पडवीत कधी वाजवायला बसले नाहीत. खळ्याच्या टोकाला, काळोखात जाऊन बसत.

गंमत अशी की, थट्टेत मी बोलले ते इतिहासाला धरूनच होते. १९१२ साली जपानमधील नागोया शहरी गोरो मोरिता नावाच्या गृहस्थांनी हे वाद्य तयार केले. लांबट पेटीवर तारा ताणावयाच्या आणि बोटांनी तारा दाबण्याऐवजी टाइपरायटरसारखी बटणे दाबावयाची, ही त्यांची युक्ती. त्या वर्षी जपानात ‘तैशो’ राजवट सुरू झाली होती, आणि ‘कोतो’ हे तेथील जुने तंतुवाद्य. म्हणून नाव पडले तैशोगोतो. आपल्याकडे आल्यावर त्याला बुलबुल तरंग हे गोड नाव मिळाले, आणि मुंबई-कोकणात ते बेंजो झाले. अमेरिकेतील बँजो हे चामड्याने मढवलेले वाद्य मात्र निराळे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी ते तेथे घडवले. आपल्या बेंजोशी त्याचे नावापुरतेच नाते.

डाव्या हाताने बटण दाबावे, उजव्या हातातील पट्टीने तार छेडावी. बटण पडले की स्वर जागच्या जागी लागतो, म्हणून गुरूवाचूनही माणूस शिकू शकतो. पण याच सोयीमुळे सतारीसारखी मींड यात निघत नाही. मग वाजवणारा काय करतो? तीच तार भराभर छेडून स्वर थरथरत ठेवतो. भावोजींच्या ज्या खडखडाटाला मी हसले होते, तो वाद्यातील उणीव भरून काढण्यासाठी हाताने कमावलेला गुण होता, हे मला फार उशिरा कळले.

आता विजेची गोष्ट. साध्या बेंजोचा आवाज ढोलताशांत बुडून जातो. हीच अडचण अमेरिकेत गिटारवाल्यांना आली होती. वाद्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येईना. तेव्हा जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ च्या सुमारास विजेची गिटार बाजारात आणली. तत्त्व सोपे आहे. पोलादी तारांजवळ लोहचुंबक आणि त्याला बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. तार थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते, ती वाढवून कर्ण्याला दिली की आवाज मोठा होतो. यालाच ‘पिकअप’ म्हणतात. तोच पिकअप आपल्या पोरांनी बेंजोला बसवला आणि मिरवणुकीत हातगाडीवर कर्णे चढवले. म्हणून मी म्हणते की, बेंजो ही आपल्या वाड्यांची विजेची गिटारच होय. खरी गिटार घेण्याची ऐपत कोणाला होती? १९५७ साली विविध भारती सुरू झाली. सिनेमाच्या गाण्यांतले गिटारचे तुकडे रेडिओवर कान लावून ऐकायचे आणि बेंजोवर बसवायचे, ही त्या मुलांची शाळा.

भावोजी सांगतात, त्यांच्या कंपनीत सारे गिरणीकामगारच होते. पाळी सुटली की चाळीच्या गच्चीवर तालीम. गणपतीत वाजवून मिळेल त्यात तारा आणि चहा भागे. पोट भरण्यासाठी कोणीच वाजवत नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही. कंपनी पांगली. भावोजी गावी परतले, आणि बेंजो माळ्यावर गेला. त्यांनी तो खाली का काढला नाही, हे मी कधी विचारले नाही. कारण मला ठाऊक होते.

ज्या पेटीच्या जोरावर मी त्यांना हसले, तिचे कूळ तरी कुठले? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी घेतले. मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली बनवली. १९४० साली आकाशवाणीने या पेटीवर, हिंदी संगीताला अयोग्य म्हणून, बंदी घातली. ती सैल व्हायला १९७० चे दशक उजाडले. तोवर आपल्या भजनी मंडळांनी पेटी केव्हाच आपली करून टाकली होती. वाद्याला प्रतिष्ठा देतात ते वाजवणारे हात, हेच खरे.

२०१६ साली ‘बँजो’ नावाचा चित्रपट निघाला, तेव्हा या वादकांकडे शहराचे थोडे लक्ष गेले. पण मिरवणुकीत आता ध्वनिमुद्रित गाण्यांच्या भिंती उभ्या राहतात. गोंगाट बेंजोचाही होतो, हे मान्य. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर कर्ण्यांना मनाई केली, ते योग्यच झाले. तथापि एक फरक आहे. बायकांची फुगडी रंगली की वाजवणारा लय वाढवतो, मूर्ती पाण्यात उतरताना हात आवरता घेतो. यंत्राला समोरचे माणूस दिसत नाही.

भावोजींना मी बेंजो पुसून दिला आणि त्या दिवशीच्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. “वहिनी, टाइपरायटरच आहे तो,” एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी चिपळूणहून नव्या तारा आणल्या. वर्धापनदिनी ते वाजवणार आहेत. पेटीची साथ मी करणार आहे. भगिनींनो, तुमच्याही माळ्यावर असे एखादे वाद्य असेल तर ते खाली काढा, आणि कोणी, कुठे, कोणाबरोबर वाजवले ते वाजवणारा आहे तोवर विचारून लिहून ठेवा, एवढीच विनंती.