छतावर सोलर, तरी घरात अंधार?

एक सीन डोळ्यासमोर आणा. भर दुपार, छतावर चकाचक सोलर पॅनल, आणि लाइट जाते. खाली पंखा बंद! "अरे, आपल्याकडे सोलर आहे ना?" उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ.

पॅनल आणि बॅटरी ही जुळी भावंडं नाहीत. बॅटरी थोरली. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी शिशाचे पत्रे आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. इन्व्हर्टरसोबतची, डिस्टिल्ड वॉटर मागणारी आपली बॅटरी तिचीच वंशज.

पॅनल धाकटं. दमट प्रदेशात टेलिफोनचे ड्राय सेल लवकर खराब व्हायचे. त्यावर उपाय शोधता शोधता अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सेल बनवला. एप्रिल १९५४ मध्ये तो जगाला दाखवला. शंभर रुपयांचं ऊन घेऊन तो जेमतेम सहा रुपयांची वीज द्यायचा! १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ उपग्रहावर बॅटरीवाला ट्रान्समीटर काही महिन्यांतच गप्प झाला. सोलरवाला १९६४ पर्यंत बोलत राहिला.

पण घरात रात्र होते. म्हणून जिथे वीजच पोचली नव्हती, तिथे पॅनलसोबत बॅटरी आलीच. शहरात मात्र वेगळी वाट निघाली: दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, रात्री ग्रिडकडून घ्यायची. बॅटरीचा खर्च वाचला, बिल उतरलं. पण ग्रिड गेली की हा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. नाहीतर बंद समजून लाइनवर चढलेल्या वायरमनला आपल्याच छतावरचा करंट लागेल. त्याच्या जिवासाठी आपला पंखा थांबतो.

म्हणजे बिल कमी करणं आणि बॅकअप मिळणं, ही दोन वेगळी कामं. दोन्ही हवी असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

हिशोब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. शिशाची असेल तर निम्मीच वापरा, टिकेल. एक पंखा, दोन एलईडी, वायफाय मिळून १०० वॉट धरा. थोडी वीज वाटेत वाया जाते, तरी सातेक तास निघतात. फ्रिज, गिझर यात धरू नका!

तेव्हा सोलरवाला घरी आला की बिलाआधी एवढंच विचारा: "दादा, लाइट गेल्यावर काय चालेल?"