राब, रान आणि कायद्याचे मसुदे

संसदेचे अधिवेशन भरावयाचे असले म्हणजे त्यात मांडल्या जाणाऱ्या विधेयकांची यादी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होते. वीज, विमा, वने, मजुरी, शिक्षण असे नाना विषय तीत एकाखाली एक मांडलेले असतात. आणि आपल्यासारखी सुशिक्षित कुटुंबे ती यादी, आपले स्थानक ज्यात नाही असे आगगाडीच्या वेळापत्रकाचे पान चाळावे, तशी चाळून पुढे जातात. कायदा संमत झाला, त्याची झळ लागली, म्हणजे मग आपण जागे होतो. परंतु कायद्याचे खरे आयुष्य तो संमत होण्याच्या पूर्वीच ठरून गेलेले असते. मसुदा कोणी लिहिला, कोणाला वाचावयास मिळाला, कोणाचे म्हणणे ऐकून त्यातील कोणता शब्द बदलला, ह्या तीन प्रश्नांत त्याची जन्मकुंडली सामावलेली आहे. ही कुंडली पाहण्यास दिल्लीस जाण्याची गरज नाही. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेले कर्जत व खालापूर हे दोन तालुके त्यास पुरेसे आहेत.

उल्हास आणि पाताळगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख. पूर्वी कर्जत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पुढे ते कुलाब्यात आले, आणि १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. मुंबईची आगगाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली व १८६३ मध्ये बोरघाट चढली. मुंबईकराच्या मनात कर्जत म्हणजे घाट चढण्यापूर्वी गाडी थांबते ते स्थानक, आणि खोपोली म्हणजे १९१५ मध्ये जेथून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली ते ठिकाण. परंतु रुळांपासून कोसभर आत गेले की ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या लागतात, खाचरांतून भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी दिसते. ज्या कायद्याने ह्या वाड्यांचे जीवित इतर कोणत्याही कायद्यापेक्षा अधिक घडविले व बिघडविले, तो जंगलचा कायदा होय.

त्याचे मर्म कळण्यास येथील भातशेतीची एक रीत ध्यानात घेतली पाहिजे. ती म्हणजे राब. ज्या लहानशा तुकड्यात भाताचे रोप करावयाचे, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून काढतात. हिवाळा सरता सरता ऐन, किंजळ इत्यादी झाडांचा टहाळ तोडून, भारे बांधून वाळत ठेवतात. मग जमिनीवर शेण, त्यावर टहाळ, त्यावर पालापाचोळा व गवत, आणि सर्वांवर मातीचा पातळ थर देऊन, वारा पाहून पेटवितात. आग भडकता कामा नये. ती धुमसत धुमसत सरकली पाहिजे. त्या राखेवर रोहिणी-मृगाच्या सुमारास बी पेरले म्हणजे रोप तरारून येते, तण उगवत नाही, आणि मुसळधार पावसात आवणीच्या वेळी रोपे मुळासकट सहज उपटून येतात. एका खाचराच्या राबाला कितीतरी पट रानाचा टहाळ लागतो. म्हणून खाचरावरील भात हे वस्तुतः भोवतालच्या वरकस जमिनीवर व रानावर उभे असते. रान बंद म्हणजे भात बंद. शहरातून आलेल्या अधिकाऱ्यास मात्र ह्यात झाडांची कत्तल आणि धूर एवढेच दिसावे, ह्यात नवल नाही.

आता १८७८ च्या मसुद्याकडे वळू. आगगाडीला स्लीपर हवे होते, इंजिनाला सरपण हवे होते, आणि रेल्वेच्या पहिल्या धडाक्यात रानेच्या राने साफ झाली होती. जंगलाचे रक्षण करणारे खाते निर्माण होणे ही गोष्ट मुळात वाईट नव्हती, हे प्रथमच सांगितले पाहिजे. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला जंगल महानिरीक्षक झाला. १८६५ चा पहिला कायदा अपुरा वाटू लागला, व दुसऱ्याचा खल सुरू झाला. त्या खलात दोन पक्ष होते. बेडन-पॉवेल ह्या मुलकी अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, रयत पिढ्यान्‌पिढ्या रानातून लाकूडफाटा आणते, गुरे चारते, ह्याला हक्क म्हणता येत नाही. ती सरकारने आजवर चालू दिलेली सवलत होय, आणि सवलत सरकारला केव्हाही काढून घेता येते. ब्रांडिसला हे इतक्या टोकाला जाऊन मान्य नव्हते. गावांना स्वतःची राने असावीत असे त्याचे मत होते. कायद्यात ‘ग्रामवन’ हा शब्द आला खरा, पण तो बहुतांशी कागदावरच राहिला. राखीव जंगलाची कलमे मात्र अंमलात आली. मद्रास सरकारने हा कायदा आपल्या प्रांतास लागू करण्यास विरोध केला व १८८२ मध्ये स्वतःचा निराळा कायदा केला. मुंबई सरकारने तसे काही केले नाही. व्हॉइसरॉयच्या ज्या कौन्सिलात हे बिल संमत झाले, त्यात लोकांनी निवडून दिलेला एकही सभासद नव्हता.

हक्क आणि सवलत! ह्या दोन शब्दांतील अंतर किती मोठे आहे, हे पुढल्या दहा वर्षांत ठाणे-कुलाब्याच्या रयतेला कळून चुकले. काल जो टहाळ आपला म्हणून तोडावयाचा, तो आज परवानगीने तोडावयाचा. परवानगी देणारा शिपाई, आणि शिपायाची मर्जी राखण्याचे मार्ग वाचकांस सांगावयास नकोत. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, त्यांमागे हीच परिस्थिती होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने विरोधाचा आवाज उठविला. ठाण्यास तर ह्या एकाच प्रश्नासाठी एक जंगल असोसिएशन स्थापन झाले. अखेर १८८५ मध्ये सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींची चौकशी करण्यास कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर पडला. कायदा झाला १८७८ मध्ये आणि ज्यांच्यावर तो लागू झाला त्यांचे गाऱ्हाणे रीतसर ऐकले गेले सात वर्षांनी. तरीही राब बंद पडला नाही, हे त्या चळवळीचे मोठेच यश समजले पाहिजे.

परंतु ह्या यशाचा हिशेब जरा बारकाईने मांडावयास हवा. असोसिएशनचा आवाज प्रामुख्याने ज्यांच्या नावावर जमीन होती, त्यांचा होता: खातेदार, सावकार, वकील. त्यांना लिहिता येत होते आणि राजपत्र वाचणारी माणसे त्यांच्या घरी होती. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, तो कातकरी ह्या सगळ्यात कोठे होता? कातकरी अथवा काथोडी हे नावच मुळी काथ पाडण्यावरून पडलेले आहे. खैराचे लाकूड तोडावे, त्याचे तुकडे करून उकळावेत, आटवून काथाच्या वड्या कराव्यात, हा त्याचा पिढीजात धंदा. खैर सरकारी होताच तो धंदा चोरी ठरला. एका जातीचे नाव ज्या कामावरून पडले, ते काम एका कायद्याने अपराध व्हावे, आणि नाव तेवढे मागे उरावे, हा प्रकार विलक्षण खराच. मग कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेला, वीटभट्टीवर गेला, पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी आठ-आठ महिने बायकामुलांसह गावाबाहेर राहू लागला. वेठबिगार नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. उचलीची रीत त्यानंतरही गेली नाही.

काही ठाकर-कातकऱ्यांना जंगलखात्याने डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविण्यासाठी तुकडे लावून दिले. ह्यांना दळी म्हणतात. दळीचा कागद बहुधा एका म्होरक्याच्या नावे होई व तीवर कसणारी कुटुंबे अनेक असत. त्या वेळी ही बाब कोणास महत्त्वाची वाटली नाही. तिचे महत्त्व कळावयास पुढे सव्वाशे वर्षे जावी लागली.

मधल्या काळाविषयी थोडक्यात सांगतो. १९२७ मध्ये नवा जंगल कायदा झाला. १८७८ च्या कायद्याचा सांगाडा त्यात तसाच कायम राहिला, आणि तो आजही, अनेक दुरुस्त्यांसह, चालू आहे. त्यातील व्याख्येप्रमाणे बांबू हे गवत नसून झाड होते; वनाबाहेरच्या जमिनीपुरती ही व्याख्या बदलावयास २०१७ साल उजाडले. १९३० च्या २५ सप्टेंबरला ह्याच जिल्ह्यात, उरणजवळ चिरनेरला, जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला; तेथील हुतात्म्यांच्या नावांत एक कातकरीही आहे, आणि त्या दिवशी तेथे हजर असलेले मामलेदारही प्राणास मुकले. १९४२ मध्ये माथेरानचे भाई कोतवाल ह्यांनी आझाद दस्ता उभारला, तो ह्याच रानांच्या आश्रयाने. २ जानेवारी १९४३ रोजी ते व हिराजी पाटील सिद्धगडावर धारातीर्थी पडले. ही सर्व कथा स्वतंत्र लेखाची आहे.

ज्या मसुद्याने जुन्या मसुद्याचा दोष उघड उघड कबूल केला, असा मसुदा १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत आला. तोच वनहक्क विधेयक होय. वनात राहणाऱ्या जमातींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, हे शब्द आज त्या कायद्याच्या उद्देशिकेत आहेत. सरकारी कायद्याने सरकारविरुद्ध असे लिहून ठेवल्याची उदाहरणे फार नाहीत. ह्या विधेयकाचा इतिहास आम्हाला विशेष उद्‌बोधक वाटतो. मूळ मसुद्यात ताब्याची मर्यादा २५ ऑक्टोबर १९८० ही होती, आणि हक्क केवळ अनुसूचित जमातींसाठी होते. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, समितीने संघटनांचे व तज्ज्ञांचे म्हणणे ऐकले, आणि संमत कायद्यात मर्यादा १३ डिसेंबर २००५ पर्यंत पुढे आली, इतर पारंपरिक वननिवासीही त्यात आले. पंचवीस वर्षांचा हा फरक म्हणजे वाडीवरील एका अख्ख्या पिढीची शेते. १८७८ मध्ये हे अशक्य होते. ह्यासाठीच समिती असते. तिच्या कामाला वेळ लागतो म्हणून नाक मुरडणारांनी हे ध्यानात ठेवावे.

कायदा झाला तरी वाट सोपी नव्हती. दावा प्रथम ग्रामसभेत, तेथून उपविभागीय समितीकडे, तेथून जिल्हा समितीकडे जावयाचा. कर्जत-खालापूरच्या लोकांचे कागद कर्जतच्या प्रांत कचेरीत जातात. पुरावा काय? जुन्या दळीचा कागद. तो कोणाच्या नावे? पणजोबाच्या चुलत्याच्या, म्होरक्याच्या! आपले शेत आपणच कसतो, हे सांगावयास नातवंडांनी वंशावळ काढावी आणि वृद्धांनी जबाब द्यावेत. नियमांनी वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून मान्य केला आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. शिवाय रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. म्हणून १९९६ चा पेसा कायदा, जो डहाणू-जव्हारच्या ग्रामसभेस बळ देतो, तो येथील वाडीस लागू नाही. ठाकर तोच, सह्याद्री तोच. सीमारेषा तेवढी निराळी.

आता अलीकडचे मसुदे. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय खात्याने १९२७ च्या कायद्याच्या दुरुस्तीचा एक मसुदा राज्यांकडे धाडला. वनाधिकाऱ्यांस शस्त्र वापरण्याची मुभा व त्यापायी होणाऱ्या खटल्यांपासून संरक्षण, अशी त्यात तरतूद होती. ठिकठिकाणांहून ओरड झाली, आणि नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला गेला. पुढल्याच वर्षी पर्यावरणावरील आघाताच्या मूल्यमापनाविषयी अधिसूचनेचा मसुदा निघाला. तो विधेयक नव्हता, पण लोकांच्या हरकती मागविणारा होता, आणि प्रसिद्ध झाला होता तो इंग्रजीत व हिंदीत. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला. ज्या भाषेत हरकत घ्यावयाची त्या भाषेत मसुदा असावा, हे सांगावयास न्यायालय लागावे, ह्यावर काय बोलावे?

वनसंवर्धन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक २९ मार्च २०२३ रोजी लोकसभेत मांडले गेले. कोणती जमीन ‘वन’ समजावी, आणि कोणत्या कामास केंद्राची परवानगी नको, हा त्याचा विषय. मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावर, शेतघरांच्या व रस्त्यांच्या मागणीखाली असलेल्या डोंगरांच्या प्रदेशाला ह्याहून जिव्हाळ्याचा विषय कोणता? हेही विधेयक संयुक्त समितीकडे गेले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात समितीचा अहवाल सादर झाला. काही सभासदांनी आपले मतभेद नोंदविले, परंतु समितीने मसुद्यात बदल सुचविला नाही.

त्याच आठवड्यात, १९ जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकरांची होती. गाडीरस्ता तेथवर नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, माणसांनी हातांनी चिखल उपसला. सत्तावीस प्रेते सापडली. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत, आणि २३ तारखेस शोध थांबविण्यात आला. दरडीचे खापर कोणत्याही विधेयकावर फोडण्याचा आमचा हेतू नाही; पाऊस त्या दिवसांत विलक्षण झाला होता. आमचे म्हणणे एवढेच की, दिल्लीत ‘वन’ ह्या शब्दाच्या व्याख्येचा खल चालू असता, त्या शब्दाच्या आत राहणारी माणसे कोण आणि ती कशा स्थितीत आहेत, हे त्या आठवड्यात तरी सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. विधेयक २६ जुलैस लोकसभेत व २ ऑगस्टला राज्यसभेत संमत झाले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, १९९६ च्या निकालातील वनाचा व्यापक अर्थ तूर्त कायम ठेवला.

मसुदा संसदेत नेण्यापूर्वी निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्र सरकारने २०१४ मध्ये धोरण म्हणून ठरविलेले आहे. ते धोरण आहे, कायदा नव्हे. बेडन-पॉवेलच्या भाषेत बोलावयाचे तर हक्क नव्हे, सवलत. ते पाळावयाचे झाले तरी तीस दिवस कोणते, हा प्रश्न राहतोच. मसुदा माघ-फाल्गुनात निघाला तर कातकरी भट्टीवर असतो, आणि आषाढात निघाला तर आवणीवर.