‘आहे’ आणि ‘एकच आहे’

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आदिलाबादचे मावला आणि माहूर एकाच जिल्ह्यात होते. माहूर ज्यात होते तो किनवट तालुका तेव्हा आदिलाबादचा होता. तो नांदेडला जोडला गेला आणि रेणुकेचा व दत्ताचा डोंगर परराज्यात गेला. ईश्वराच्या एकत्वाच्या विषयाकडे वळणाऱ्या मावल्याच्या मराठी वाचकाचे स्वागत मी माहूरपासूनच करतो. ईश्वर एकच का मानावा, या प्रश्नाचा मराठीतला सर्वांत जुना सुसंगत विचार महानुभावांचा आहे, आणि माहूर हे त्यांचे पूजनीय स्थान आहे. तिथल्या दत्तात्रेयांना ते पंचकृष्णांपैकी एक, म्हणजे एकाच परमेश्वराचा अवतार मानतात.

पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले, आणि चक्रधरांच्या वचनांतून केसोबासांनी सूत्रपाठ निवडला. त्यातली मांडणी नवख्या वाचकाला चकित करते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ आहेत. चारही अनादी आणि परस्परांहून वेगळे. देवता नाहीत असे चक्रधर म्हणत नाहीत. त्या आहेत, फळही देतात. पण ते फळ संपणारे असते. जीवाला कायमचे सोडवण्याचे सामर्थ्य फक्त परमेश्वराचे. इथे ‘एकच’ हा शब्द मोजणीतून येत नाही. मुक्ती कोण देऊ शकतो, या प्रश्नातून तो येतो. एकेश्वरवाद म्हणजे बाकीच्या देवांना नकार, एवढेच ज्यांनी ऐकले आहे त्यांनी इथे जरूर थांबावे.

बहुतेक प्रसिद्ध युक्तिवाद मात्र दुसऱ्या टोकाने सुरू होतात. दहाव्या शतकातले मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त मांडतात ते असे : पृथ्वी, अंकुर ही सारी कार्ये आहेत, घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार लागतो, म्हणून जगालाही जाणता कर्ता हवा. अनुमान देखणे आहे. पण त्यातून फार तर ‘कर्ता आहे’ एवढे हाती येते. तो एकच आहे, हे अजून सिद्ध व्हायचे असते.

नेमके इथेच जैनांनी बोट ठेवले. मल्लिषेणांची ‘स्याद्वादमंजरी’ १२९२-९३ची, लीळाचरित्रानंतर जेमतेम पंधरा वर्षांची. ते विचारतात, वारूळ एक असते, पण ते अनेक मुंग्या बांधतात; वाडा एक असतो, पण कारागीर अनेक असतात; मग जगाचा कर्ता एकच कशावरून? माझ्या मते या विषयात याहून धारदार आक्षेप क्वचितच सापडतो. नैयायिकांचे उत्तर लाघवाचे : एका सर्वज्ञ कर्त्याने काम भागत असेल तर अनेक मानणे हा कल्पनेचा फुकट भार. शिवाय अनेकांचे मत जुळले नाही तर सृष्टीचा क्रम कसा टिकेल? हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. लाघव हे विचार करणाऱ्याच्या सोयीचे तत्त्व आहे. जगाने ते पाळलेच पाहिजे असे नाही.

मतभेदाचा मुद्दा आपल्या शेजारच्या मशिदीतल्या मौलवींनाही परका नाही. एकाहून अधिक ईश्वर असते तर आकाश-पृथ्वीचा विध्वंस झाला असता, हा कुराणातला विचार इस्लामी कलाम-पंडितांनी सविस्तर युक्तिवाद म्हणून विकसित केला. तत्त्वज्ञ इब्न सीना त्याहून खोल गेला. ज्याचे असणे दुसऱ्या कशावर अवलंबून नाही, अशी वस्तू दोन असू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे. दोन असल्या तर त्यांना वेगळे करणारे काही तरी त्यांच्यात जास्तीचे हवे. मग त्या निरवयव न राहता जोडलेल्या ठरतील, आणि जे जोडलेले आहे ते आपल्या भागांवर अवलंबून असते. ‘आहे’पासून ‘एकच आहे’पर्यंतची उडी इथे खरोखर भरून निघते. मान्य करा वा करू नका, पण हा युक्तिवाद सावकाश वाचा.

युक्तिवाद नाकारणारा माणूस नास्तिकच असतो, असे समजू नये. रामानुजाचार्यांसारखा परम भक्त श्रीभाष्यात कार्यावरून ईश्वर सिद्ध करणारे अनुमान बारकाईने खोडून काढतो. ईश्वर शास्त्रातूनच कळतो, कुंभाराच्या दृष्टांतातून नाही, असा त्यांचा आग्रह.

आधुनिक मराठीत हा प्रश्न माणसामाणसांतल्या नात्याकडे वळला. १८६७मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात रानडे आणि भांडारकर यांनी एकेश्वरी उपासनेचा पुरस्कार केला. जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१मध्ये प्रसिद्ध झाले. संवादरूपातल्या या पुस्तकात अनंत सूर्यमंडळे निर्माण करणारा निर्मिक एकच आहे. म्हणून स्त्री-पुरुष सारखे हक्कदार आहेत आणि मध्यस्थाला जागा नाही. उदयनांनी कर्त्यापर्यंत पोहोचून जे काम संपवले, ते जोतीरावांनी तिथून पुढे सुरू केले. ईश्वर एक असण्याने माणसांचे काय व्हावे, हे इतक्या थेटपणे विचारणारे दुसरे मराठी पुस्तक मला माहीत नाही.

आदिलाबादच्या वाचकापुढे आणखी एक काम आहे. केस्लापूरला पौष अमावास्येला मेश्राम कुळाच्या गोंडांचा नागदेव नागोबा जागा होतो. तिथे देव कुळाचा आहे, आणि त्याचे नाते कुळाशी बांधलेले आहे. वर सांगितलेल्या विचारांपैकी कोणताही या नात्याचे मोल पुरते जोखत नाही. चक्रधरांची देवताकल्पना त्याला थोडी जागा देते, पण खालची. या जागेबद्दल गोंडी बोलणाऱ्या अभ्यासकाने लिहावे, आणि तेही याच वादाचा भाग म्हणून वाचले जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सुरुवात मल्लिषेणांच्या मुंग्यांपासून करा, उदयन त्यानंतर घ्या. आक्षेप आधी कळला की उत्तराचे वजन हाताला लागते.