वेदनेची साक्ष आणि निदानाचा इतिहास : एंडोमेट्रिऑसिसच्या संदर्भात

प्रस्तावना

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती अंडाशय, आतडे, मूत्राशय किंवा उदरपोकळीच्या आवरणावर वाढू लागते, तेव्हा त्या आजारास एंडोमेट्रिऑसिस असे म्हणतात. पाळीच्या काळातील असह्य वेदना, संभोगाच्या व शौचाच्या वेळी होणारा त्रास, सततचा थकवा आणि काही स्त्रियांमध्ये वंध्यत्व ही त्याची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली या आजाराने ग्रस्त आहेत. तरीही निदानास होणारा विलंब कायम आहे. ब्रिटनमधील एंडोमेट्रिऑसिस यूके या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात निदानासाठी लागणारा सरासरी काळ ८ वर्षे १० महिने असा नोंदवला आहे.

शंभरहून अधिक वर्षे वैद्यकशास्त्राला ज्ञात असलेला आजार ओळखण्यास इतका काळ का लागतो, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. साधनांची उणीव हे त्याचे एक कारण आहेच. तथापि, निदानासाठी पुरावा म्हणून काय ग्राह्य धरले गेले आणि कोणाचे कथन दुय्यम मानले गेले, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

सूक्ष्मदर्शकाखालील आजार

प्राचीन ग्रंथांतील स्त्रीरोगांच्या वर्णनांत आणि 'हिस्टेरिया' या जुन्या संज्ञेत हा आजार दडलेला असावा, असे काही अभ्यासक मानतात. परंतु त्या काळातील रुग्णांची ऊती तपासणे शक्य नसल्याने असे पश्चात् निदान तर्काच्या पातळीवरच राहते. आधुनिक इतिहासाचा आरंभ सामान्यतः १८६० मध्ये व्हिएन्नातील विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांच्या वर्णनापासून मानला जातो. त्यांनी पाहिलेली विकृती नेमकी कोणती होती, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. १८९९ मध्ये अमेरिकेत डब्ल्यू. डब्ल्यू. रसेल यांनी अंडाशयात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती आढळल्याची नोंद केली.

या आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील शल्यचिकित्सक जॉन सॅम्पसन यांच्यामुळे. अंडाशयातील जुन्या, घट्ट रक्ताने भरलेल्या गाठींचे विवेचन त्यांनी १९२१ मध्ये केले. आजही आपल्याकडील सोनोग्राफीच्या अहवालांत आढळणारा 'चॉकलेट सिस्ट' हा शब्द त्याच परंपरेतील आहे. पाळीचे काही रक्त गर्भनलिकांतून उलट दिशेने उदरपोकळीत जाते व त्यातील ऊती तेथे रुजते, असा सिद्धान्त त्यांनी १९२७ मध्ये मांडला. असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांमध्ये आढळतो, आजार मात्र थोड्यांनाच होतो. म्हणून हा सिद्धान्त महत्त्वाचा असला तरी अपुरा ठरतो.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. या कालखंडात आजाराचा पुरावा म्हणजे पोट उघडून काढलेला ऊतीचा तुकडा होय. रुग्ण स्त्रीचे कथन शस्त्रक्रियेपर्यंत नेणारे निमित्त होते. पुराव्याचा दर्जा त्याला नव्हता.

विवाहाचा सल्ला

१९४० च्या दशकात बोस्टनमधील स्त्रीरोगतज्ज्ञ जो मेग्ज यांनी उशिरा होणारा विवाह व लांबणीवर पडणारे मातृत्व यांचा संबंध या आजाराशी जोडला आणि लवकर अपत्यप्राप्तीचा पुरस्कार केला. १९५८ मध्ये रॉबर्ट किस्टनर यांनी संप्रेरकांच्या साहाय्याने गर्भावस्थेसारखी स्थिती निर्माण करण्याची उपचारपद्धती मांडली. यथावकाश हा सुशिक्षित, नोकरी करणाऱ्या गौरवर्णीय स्त्रियांचा आजार होय, असा समज रूढ झाला.

त्याची किंमत इतर स्त्रियांना मोजावी लागली. १९७६ मध्ये डोनाल्ड चॅटमन यांनी शिकागोतील कृष्णवर्णीय स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओटीपोटातील जंतुसंसर्ग म्हणून निदान झालेल्या अनेक स्त्रियांना प्रत्यक्षात एंडोमेट्रिऑसिस असल्याचे त्यांना आढळले. आजार कोणाला होतो हे आधीच ठरल्यामुळे तो इतरांत शोधलाच गेला नव्हता.

"लग्न झाले की थांबेल," "एक मूल झाले की सगळे सुरळीत होईल," ही वाक्ये आपल्या घरांतही परिचित आहेत. त्यांचा उगम मेग्ज यांच्या लेखनात नाही. परंतु शास्त्रीय सल्ला आणि घरगुती समजूत एकाच निष्कर्षाला येतात, तेव्हा तक्रार करणाऱ्या मुलीला दाद मागण्यास जागा उरत नाही. गर्भारपणात लक्षणे काही काळ कमी होऊ शकतात. मातृत्व हा या आजाराचा उपचार नव्हे, हे आज स्पष्ट झाले आहे.

दुर्बिणीचे युग

पॅरिसमधील राऊल पामर यांनी १९४० च्या दशकात लॅपरोस्कोपीचा स्त्रीरोगांत वापर सुरू केला. इंग्लंडमधील पॅट्रिक स्टेप्टो यांच्या १९६७ मधील ग्रंथाने त्या तंत्राचा इंग्रजी जगात प्रसार झाला. पोटाला लहान छेद देऊन आजार पाहता येऊ लागला, ही निःसंशय मोठी प्रगती होती. परंतु शस्त्रक्रियेविना निदान नाही, असा दंडकही त्यातूनच दृढ झाला.

१९७९ पासून अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीने आजाराचे टप्पे ठरवून दिले. हे टप्पे दिसणाऱ्या विकृतीवर आधारलेले आहेत, आणि वेदनेची तीव्रता त्यांच्याशी जुळतेच असे नाही. पहिल्या टप्प्यातील स्त्री अंथरुणाला खिळलेली असू शकते, तर चौथ्या टप्प्यातील स्त्रीला फारसा त्रास नसू शकतो.

कथनाचे पुनरागमन

१९८० मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे मेरी लू बॉलवेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एंडोमेट्रिऑसिस असोसिएशनची स्थापना केली आणि रुग्ण स्त्रियांचे अनुभव पद्धतशीरपणे संकलित केले. विखुरलेली गाऱ्हाणी येथे प्रथमच माहितीचे रूप घेऊ लागली. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्यमंत्र्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये या स्त्रियांची जाहीर क्षमा मागितली व २०१८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी लॅपरोस्कोपीचे निर्णायक स्थान काढून घेतले. लक्षणे व प्रतिमाचाचण्या यांच्या आधारे, आवश्यक तेथे शस्त्रक्रियेपूर्वीच उपचार सुरू करण्यास त्यांनी मान्यता दिली. म्हणजेच रुग्णाचे कथन निदानाच्या केंद्राकडे परत आले.

समारोप

मराठीत पाळीविषयी 'कावळा शिवला', 'बाहेरची आहे' असे आडवळणाने बोलण्याची रीत दीर्घकाळ चालत आली. या शब्दांतून स्त्रीचे दूर बसणे सांगता येते. तिचे दुखणे किती, कोठे व केव्हापासून, हे सांगता येत नाही. ज्या निदानाचा आरंभ कथनापासून होतो, तेथे भाषेची ही उणीव वैद्यकीय उणीव ठरते.

महाविद्यालयाशीही याचा थेट संबंध आहे. या आजाराची लक्षणे पुष्कळदा किशोरवयातच सुरू होतात. केरळमधील कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थिनींना उपस्थितीत प्रत्येक सत्रासाठी २ टक्के सवलत दिली. अशी सवलत स्वागतार्ह असली तरी ती निदान नव्हे. दर महिन्याला ठरावीक दिवशी गैरहजर राहणारी विद्यार्थिनी हजेरीपटावर आपली साक्ष नोंदवीतच असते. ती कामचुकार आहे असे गृहीत धरण्यापूर्वी तिला विश्वासाने विचारणे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यास सुचविणे शिक्षकाला सहज शक्य आहे. निदानाच्या इतिहासातील विलंबाची वर्षे अशा न विचारलेल्या प्रश्नांनीही वाढली आहेत.