सिहोरची पाठशाळा आणि गोल पृथ्वी

पृथ्वी गोल आहे, ती कशाच्याही आधारावाचून अवकाशात आहे आणि ग्रहणे सावलीमुळे होतात, हे माळव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या जोशीमंडळींना कसे पटवावे, याचा एक पद्धतशीर प्रयत्न १८३० च्या दशकात सिहोरला झाला. सिहोर भोपाळपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, पश्चिमेला आहे. १८१८ च्या तहानंतर भोपाळ संस्थानासाठी नेमलेला इंग्रज पोलिटिकल एजंट तिथे राहत असे, आणि छावणीही तिथेच होती. लॅन्सलॉट विल्किन्सन या एजंटाने तिथल्या पाठशाळेला आश्रय दिला. मात्र त्या पाठशाळेत जे घडले त्याचा खरा भार संस्कृत पंडितांनी वाहिला, आणि त्यांतले दोन महत्त्वाचे पंडित, सुबाजी बापू आणि बापूदेव शास्त्री, मराठी होते.

त्या काळच्या जोश्याला गणित येत नव्हते असे मुळीच नाही. मुरूड-नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा १५२० चा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ त्याला मुखोद्गत असे. ‘ज्या’ म्हणजे साइन न वापरताही ग्रहांची स्थाने काढता यावीत अशी त्याची रचना असल्यामुळे पंचांगाचे काम झटपट होई. चंद्रग्रहण काढायचे तर त्यात ‘भूभा’ म्हणजे पृथ्वीच्या छायेचे बिंब मोजावे लागते. जोशी ते मोजी, स्पर्श आणि मोक्ष यांच्या वेळा बिनचूक सांगे, आणि विचारणाऱ्याला मात्र राहू चंद्राला गिळतो असे सांगे. हिशेबात पृथ्वीची सावली आणि सांगण्यात राहू, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदत होत्या. आकडेमोडीची कृती गुरूकडून शिष्याकडे जाई, पण तिच्यामागचे कारण, ज्याला जुने ज्योतिषी ‘वासना’ म्हणत, ते बहुतेक ठिकाणी मागे पडले होते.

दुसऱ्या बाजूला पुराणांतले जग होते. मधे मेरू पर्वत, त्याभोवती जंबुद्वीप, पुढे एकाआड एक द्वीपे आणि सात समुद्र, असा पन्नास कोटी योजनांचा सपाट विस्तार. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) पृथ्वीचा परीघ अवघा ४९६७ योजने आहे. दोन्ही ग्रंथ पवित्र मानले जात आणि बहुधा एकाच घरात वाचले जात. तरीही त्यांच्यातली तफावत श्रोत्यांच्या मनात सहसा येत नसे, कारण पुराण ऐकण्याची वेळ वेगळी आणि पंचांग मांडण्याची वेळ वेगळी असे.

विल्किन्सनने १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. एतद्देशीयांना शिकवण्यासाठी सिद्धान्तग्रंथांचाच उपयोग करावा, असा त्याचा विषय होता. मुंबईत त्या सुमारास इंग्रजी पाठ्यपुस्तकांची मराठी भाषांतरे करून शाळा चालवल्या जात होत्या. पुढच्याच वर्षी मेकॉलेने आपल्या टिपणात इथल्या ज्योतिषाची आणि भूगोलाची टर उडवली आणि इंग्रजी शिक्षणाचा कौल दिला. विल्किन्सनची वाट या दोन्हींपासून वेगळी होती. परकी पुस्तके समोर ठेवली तर पंडित त्यांचा एक शब्दही मनावर घेणार नाही, पण भास्कराचार्य त्याला नाकारता येणार नाहीत, हे त्याने ओळखले. भास्कराचार्यांपर्यंत आणल्यावर पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणारा कोपर्निकस फार दूर राहत नाही, असा त्याचा कयास होता. त्यात मिशनरी वृत्तीचा अंश होता हे नाकारायचे कारण नाही. शिकवण्याची पद्धत म्हणून मात्र ही समज मोलाची होती.

‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ‘गोलाध्याया’चे पाठ वाचले की ही निवड का झाली ते कळते, कारण ऐकणाऱ्याच्या शंका आधीच ओळखून ते लिहिले आहेत. पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते? परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो, आणि माणूस त्या मानाने फारच लहान आहे. पृथ्वीला आधार कोणाचा? आधार मानला तर त्या आधारालाही आधार हवा, आणि ही मालिका कुठेच थांबत नाही. शेवटच्या आधाराला स्वतःच्या शक्तीने राहता येत असेल तर ते पृथ्वीलाच का येऊ नये? खालच्या बाजूची माणसे पडत कशी नाहीत? नदीकाठी उभ्या माणसाचे पाण्यातले प्रतिबिंब त्याच्या पायांना पाय लावून उलटे उभे असते, तशी ती आपल्या दृष्टीने उलटी आहेत. पण आपण इथे जितके निर्धास्त उभे आहोत तितकीच तीही तिथे निर्धास्त आहेत, कारण जड वस्तूंना पृथ्वीच आपल्याकडे ओढते. रात्र मेरूच्या आडोशाने होत असेल, तर रात्री सूर्य आणि आपण यांच्यामध्ये असलेला तो सोन्याचा पर्वत दिसत का नाही? आणि मेरू उत्तरेला आहे, तर दक्षिणायनात सूर्य पूर्वेच्याही दक्षिणेला कसा उगवतो?

ग्रहणाचा युक्तिवाद तर कोणालाही अंगणात उभे राहून पडताळता येतो. चंद्रग्रहण चंद्राच्या पूर्वेकडच्या कडेपासून लागते, सूर्यग्रहण सूर्याच्या पश्चिमेकडच्या कडेपासून. अर्धा ग्रासलेला चंद्र बोथट शिंगांचा दिसतो, अर्धा ग्रासलेला सूर्य तीक्ष्ण शिंगांचा. म्हणजे चंद्राला झाकणारी वस्तू मोठी आणि सूर्याला झाकणारी लहान आहे, तेव्हा दोन्हीकडे एकच राहू कसा असेल? एवढे सांगूनही भास्कराचार्यांनी राहूला पुरते हाकलले नाही. ब्रह्मदेवाच्या वराने तो भूछायेत शिरून चंद्राला झाकतो, अशी सोय त्यांनी ठेवली. जवळजवळ सातशे वर्षांनी सिहोरच्या पंडितांना जी अडचण आली, ती खुद्द आचार्यांनाही आली होती.

या ग्रंथात माळव्यातल्या वाचकाला घरच्या वाटतील अशा गोष्टीही आहेत. अवंती म्हणजे उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे. तेव्हा तेवढे अंतर सोळा पटीने वाढवले की सारी पृथ्वी मोजली जाते. सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. आजच्या मोजणीने उज्जैन तेवीस अंशांच्या थोडे पुढे आहे, म्हणजे चूक एका अंशाहूनही कमी. याच ग्रंथात शिष्याला समजावण्यासाठी गोल कसा बांधावा याचा स्वतंत्र अधिकार म्हणजे प्रकरण आहे. सरळ, गुळगुळीत वेळूच्या कामट्या घ्यायच्या, त्या वाकवून वर्तुळे करायची, त्यांवर अंशांच्या खुणा करायच्या. एक वर्तुळ विषुववृत्ताचे, एक क्रांतिवृत्ताचे, एक क्षितिजाचे, आणि मधोमध ध्रुवयष्टी. गुरूने तो गोल फिरवला की दिवस लहानमोठे का होतात हे शिष्याला डोळ्यांनी दिसते. गोलाचे ज्ञान नसलेल्या गणकाला भास्कराचार्यांनी तुपाविना जेवणाची आणि चांगल्या वक्त्याविना सभेची उपमा दिली आहे. गणित येणे आणि ते उलगडून सांगता येणे हे त्यांनी एकाच विद्येचे भाग मानले होते.

सुबाजी बापू सिहोरला ज्योतिष जाणणारे पंडित म्हणून होते. त्यांनी विल्किन्सनबरोबर हे ग्रंथ पुन्हा बारकाईने वाचले आणि १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक लिहिले. पौराणिक, सैद्धान्तिक आणि कोपर्निकसचे अशी तिन्ही मते त्यात तुलनेने मांडली आहेत. हिंदी वाचकांसाठी सिहोरच्याच ओंकार भट्टांचे ‘भूगोलसार’ १८४१ मध्ये आग्र्याहून निघाले. पहिली पायरी, पुराणांकडून सिद्धान्तांकडे येण्याची, या पुस्तकांना चढता आली, कारण तिचे सर्व दगड संस्कृतातच घडलेले होते. दुसरी पायरी अवघड होती. भास्कराचार्यांची पृथ्वी स्थिर आहे. आर्यभटांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस ती स्वतःभोवती फिरते असे म्हटले होते, पण पुढच्या आचार्यांनी ते मोडून काढले होते. म्हणून कोपर्निकसच्या उंबरठ्यावर येताच परंपरेचा आधार तुटे आणि नुसत्या युक्तिवादावर विसंबावे लागे.

विरोध पुण्याहून झाला. तिथल्या संस्कृत पाठशाळेतले ज्योतिषी यज्ञेश्वर रोडे यांनी पुराणे आणि सिद्धान्त यांत विरोधच नाही, ही बाजू ‘अविरोधप्रकाशा’त मांडली. १८३७ च्या सुमारास सुबाजींनी त्याला ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून उत्तर दिले. हा वाद दोघांच्याही आधीचा, गोदाकाठच्या पंडितांत तीनशे वर्षे चाललेला होता. पार्थपूर म्हणजे पाथरीच्या ज्ञानराजांनी १५०३ च्या ‘सिद्धान्तसुंदरा’त पुराणांशी मेळ घालण्याचा प्रयत्न केला होता. मूळचे कोपरगावचे, काशीत राहिलेले, महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांनी सतराव्या शतकात तोच मार्ग धरला. रोड्यांना निव्वळ हटवादी म्हणणे अन्यायाचे होईल. आकाशाच्या हिशेबात पुराण चुकते असे एकदा मान्य केले, तर व्रते, श्राद्धे आणि तीर्थे यांबाबतचा त्याचा शब्द कोणी का मानावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि तो खरा होता.

सुबाजींचीही सीमा होती. १८३९ मध्ये विल्किन्सनने अश्वघोषाच्या नावावर असलेली ‘वज्रसूची’ छापली. जन्मावरून ब्राह्मण्य ठरवणे कसे टिकत नाही, हे ती तर्काने दाखवते. त्याच पुस्तकात तिचे खंडन करणारा सुबाजींचा ‘टंक’ही छापला आहे. पृथ्वीच्या आकाराबाबत पुराणांविरुद्ध जाण्याची तयारी असलेला हा पंडित जातीच्या प्रश्नावर जुन्या बाजूला उभा राहिला. मेरू नसला तरी त्यांच्या जगण्यात काही बिघडत नव्हते, वर्णव्यवस्था नसती तर सगळेच बदलले असते. स्पष्ट युक्तिवाद माणसाला कुठवर नेतो आणि कुठे थांबवतो, याचा इतका नेमका पुरावा त्या काळात क्वचितच मिळतो.

पाठशाळेचा सर्वांत मोठा विद्यार्थी १८३८ मध्ये नागपुरातून आला. बापूदेव शास्त्री मूळचे गोदावरीकाठच्या टोके गावचे, १८२१ चा जन्म. नागपुरात धुंडिराज मिश्र यांच्याकडे ते लीलावती आणि बीजगणित शिकले होते. त्यांची हुशारी पाहून विल्किन्सनने त्यांना सिहोरला आणले. तिथे पंडित सेवाराम यांच्याजवळ त्यांचे शिक्षण झाले, आणि युक्लिडचे रेखागणितही त्यांनी तिथेच आत्मसात केले. लवकरच ते काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागले. विल्किन्सन १८४१ मध्ये वारला आणि सिहोरच्या कामाचा कणाच मोडला. त्याने सिद्ध केलेला ‘गोलाध्याय’ १८४२ मध्ये कलकत्त्याला निघाला. त्याचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून पुरे केले, तेही १८६१ मध्ये.

बापूदेवांनी संस्कृतात त्रिकोणमिती लिहिली, हिंदीत बीजगणित लिहिले, आणि काशीतून नॉटिकल अल्मनाकच्या आधाराने पंचांगही काढले. त्यांची समजावण्याची धडपड उलट दिशेनेही चालली. भास्कराचार्यांनी ग्रहाची ‘तात्कालिक गती’ ज्या रीतीने काढली तिच्यात कलनगणिताचे तत्त्व आहे, असे त्यांनी १८५८ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. १८६० मध्ये लंडनचे गणिती विल्यम स्पॉटिसवुड यांनी त्याला उत्तर दिले. साम्य त्यांनी मान्य केले, पण बापूदेवांचा दावा त्यांना अतिशयोक्त वाटला. सिहोरमध्ये युरोपचे ज्ञान भास्कराचार्यांच्या भाषेत सांगितले जात होते, इथे भास्कराचार्य युरोपच्या भाषेत सांगायचे होते, आणि ते तितकेच कठीण ठरले. बापूदेवांचे चरित्र मराठी वाचकाला शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त (१८९६) मिळते.

समजावून शिकवण्याचा प्रयत्न या परिसरात पुढेही झाला. १९५६ मध्ये भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले तरी ते सिहोर जिल्ह्यातच होते. भोपाळचा स्वतंत्र जिल्हा १९७२ मध्ये झाला. त्याच वर्षी नर्मदेपलीकडे होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो पुढे नेला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. मुलांनी गटात प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि निष्कर्ष स्वतः काढायचा. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवता येई. मनात आलेला कोणताही प्रश्न मुले ‘सवालीराम’ला पत्राने विचारीत आणि त्याच्या नावाने त्यांना उत्तर जाई. राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. ‘एकलव्य’च्या हिंदी ‘संदर्भ’चा धागा पकडून १९९९ मध्ये पुण्यात ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक सुरू झाले होते.

कोणत्या भाषेत समजावावे, हा प्रश्न आज वैद्यकातही आहे. भोपाळच्या साकेत नगरात एम्स आहे आणि तिथे २०१२ पासून एमबीबीएसचे वर्ग भरतात. शिकवणे इंग्रजीत, रुग्णांशी बोलणे हिंदीत, माळवीत किंवा बुंदेलीत. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांची हिंदी पुस्तके भोपाळमध्येच प्रकाशित केली. त्यांत बहुतेक पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवून देवनागरीत छापले आहेत. सिहोरच्या पंडितांना भूभा, क्रांतिवृत्त, तात्कालिक गती हे शब्द आयते मिळाले होते. वैद्यकाच्या प्राध्यापकांना तशी शिदोरी मिळालेली नाही.