विरोधी मताची मंडई

परवा बऱ्याच दिवसांनी मंडईत गेलो होतो. हल्ली भाजी घराखालीच मिळते, त्यामुळे मंडईत जायला काहीतरी निमित्त लागतं. या वेळचं निमित्त होतं सुट्टीत आलेला पुतण्या. त्याला पुणं दाखवायचं म्हणजे शनिवारवाडा, तुळशीबाग आणि मंडई हे ठरलेलंच. मधल्या उंच मनोऱ्याकडे मान वर करून बघत त्यानं विचारलं, "काका, ही फुल्यांनी बांधली का?"

मी काही बोलायच्या आत समोरचे भाजीवाले आजोबा म्हणाले, "मग! नाव काय उगाच दिलंय?"

मी नुसता हसलो. कारण चाळिशीपर्यंत माझीही हीच समजूत होती. शाळेत फुले म्हणजे मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि मंडई, असं तिन्ही एका दमात पाठ केलेलं. पुढे धनंजय कीरांनी लिहिलेलं चरित्र वाचायला घेतलं आणि एका पानावर थबकलोच. ज्या मंडईला जोतिरावांचं नाव आहे, ती बांधण्याच्या खर्चाला नगरपालिकेत जोतिरावांनी विरोध केला होता!

ही गोष्ट पुतण्याला घरी येताना सांगितली. सांगता सांगता माझ्याच डोक्यात बरंच काही सुरू झालं, म्हणून आज लिहायला बसलो.

पुण्यात नगरपालिका आली १८५७ साली. पण नगरपालिका म्हटल्यावर आज जे डोळ्यांसमोर येतं, निवडणुका, पोस्टर, प्रभाग, त्यातलं तेव्हा काही नव्हतं. सरकार नेमेल तो सभासद आणि कारभारावर साहेबाची नजर. अशा सभेत जोतिराव १८७६ ते १८८२ या काळात सरकारनियुक्त सभासद होते. सभासदाला तेव्हा 'म्युनिसिपल कमिशनर' म्हणत. आजच्या आयुक्ताशी त्याची गल्लत करू नये. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी आपली ओळख कशी दिली आहे, ठाऊक आहे? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, राहणार जुना गंज पेठ. समाजसुधारक वगैरे काही नाही. मला ही ओळख फार आवडते. हा माणूस हिशेब कळणारा होता. सरकारी बांधकामांची कंत्राटं त्यानं घेतली होती, मांजरीला शेती केली होती. दगड, चुना, मजुरी यांना काय पडतं हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याच्या सभासदत्वाच्या काळातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट स्वागताची. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, तेव्हा शहर शृंगारायला हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. लिटनची कारकीर्द १८७६ ते १८८० ची, म्हणजे दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ तिच्यातच येतो. कीरांनी दिलेल्या हकिकतीप्रमाणे जोतिराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. मतं पडली. बत्तीस सभासदांत विरोधी मत एक, ते जोतिरावांचं. जरा विचार करा. सरकारनंच नेमलेला माणूस, सरकारच्या सर्वांत मोठ्या साहेबाच्या स्वागताला नको म्हणतो. बाकीचे एकतीस काही दुष्ट नव्हते. आपणही त्या सभेत असतो तर हात वर करून मोकळे झालो असतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरी गोष्ट दारूची. १८८० च्या जुलैमध्ये जोतिरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांना, प्लंकेट नावाच्या साहेबाला, पत्र लिहिलं. शहरात दारूची दुकानं वाढताहेत, त्यापायी कुटुंबं धुळीला मिळताहेत, त्यांना आळा घाला. अबकारीचा पैसा सरकारच्या तिजोरीत जायचा, त्यामुळे नगरपालिकेच्या हातात फारसं काही नव्हतं. पण जोतिरावांचा सवाल साधा होता. लोकांचं आरोग्य सांभाळणं हे नगरपालिकेचं काम ना? त्यासाठी ती पैसे खर्च करते ना? मग ज्यानं आरोग्याची माती होते, त्याबद्दल तिनं तोंड उघडायला नको?

आणि तिसरी गोष्ट मंडईची. तोवर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. ऊन, पाऊस, चिखल. तिथून तो उचलून एका भव्य इमारतीत न्यायचा असं ठरलं. खर्च लाखांच्या घरातला. या खर्चाला ज्यांनी विरोध केला त्यांत जोतिराव होते. त्यांचं म्हणणं तेच, एवढा पैसा असेल तर तो आधी शिक्षणाला लावा. त्यांचं ऐकलं गेलं नाही. मंडई बांधली गेली, १८८६ साली खुली झाली आणि तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला मिळालं. रे मार्केट.

आता खरी अडचण इथे येते. लिटनसाठी कमानी उभारणं म्हणजे उधळपट्टी, हे कुणालाही पटेल. दारूचंही पटेल. पण मंडई? मंडई ही काही वाईट गोष्ट नव्हती. भाजीवाल्या बायकांच्या डोक्यावर छप्पर आलं. सव्वाशेहून अधिक वर्षं पुणं तिथे भाजी घेतंय. माझी आजी दर रविवारी मला बखोटीला धरून तिथे न्यायची आणि कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी पाच गाळे फिरवायची. म्हणजे जोतिराव चुकले का?

मी बरेच दिवस या प्रश्नाशी अडून होतो. त्यातून जोतिराव स्वतः शेतमाल पिकवणारे, फुलमाळ्याच्या घरातले. मंडईचा फायदा कुणाला होणार हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी नको म्हणाले. मग हळूहळू लक्षात आलं की त्यांचा नकार मंडईला नव्हताच, तो क्रमाला होता. घरात पोराची फी भरायची राहिलीय आणि आपण दिवाणखान्याला नवीन रंग काढतोय, अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच ना, "आधी फी भरा." त्याचा अर्थ त्या माणसाला रंग आवडत नाही असा नसतो. जोतिराव १८४८ पासून शाळा चालवत होते. पैशांवाचून शाळा कशी ओढत न्यावी लागते हे त्यांनी आणि सावित्रीबाईंनी भोगलं होतं. हंटर आयोगापुढे त्यांनी मागितलं ते हेच, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आपल्या देशात शिक्षणाचा हक्क देणारा कायदा व्हायला २००९ साल उजाडावं लागलं. क्रम चुकला की तो किती पिढ्यांना भोवतो, ते या दोन सालांमधलं अंतर बघून कळतं.

मंडईची गोष्ट मात्र इथे संपत नाही. १९२४ साली मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला, अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झालं. पुढच्याच वर्षी जोतिरावांचा पुतळा उभारावा असा ठराव नगरपालिकेत आला. केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी त्याच्या बाजूनं होते. त्यावरून पुण्यात केवढं रणकंदन माजलं! ठराव नामंजूर झाला. जोतिराव जाऊन पस्तीस वर्षं झाली तरी त्या सभेत त्यांच्या विरुद्धचीच मतं जास्त होती.

पुढे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले आणि स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली ती त्यांच्याच पुढाकारानं. साहेबाचं नाव पुसलं गेलं आणि त्या खर्चाला नको म्हणणाऱ्याचं नाव तिथे लागलं. अत्र्यांनी नाव दिलं ते गौरवासाठी, आणि योग्यच केलं. पण त्या नावाखाली ते विरोधी मत मात्र गाडलं गेलं. आज आजोबा म्हणतात, फुल्यांनीच बांधली.

माझी आई एका लहान गावात नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. पावसाळ्यात वर्गात चार ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागत. मुलं त्या बादल्यांच्या मधे बसून पाढे म्हणत. एका वर्षी छपराचा अर्ज घेऊन ती गेली तर उत्तर मिळालं, यंदा तरतूद नाही. त्याच वर्षी गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभी राहिली. छान कमान होती, खोटं कशाला बोलू, आम्ही पोरं तिच्याखाली फोटो काढायला गेलो होतो. आई तेवढं एकदाच म्हणाली, "त्या सभेत एकानंही हात वर केला नसेल का रे?"

कुणी केला असेल तर तो कागदावर असेल. नसेलही. इमारत दिसते, कमान दिसते, कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव दिसतं. कुणी नको म्हटलं होतं आणि का, ते कोनशिलेवर लिहायची आपल्याकडे पद्धत नाही. खरं तर अंदाजपत्रक म्हणजे गावानं स्वतःविषयी केलेलं सगळ्यात खरं बोलणं. भाषणात आपण काहीही म्हणतो, पण आधी पैसे कशाला दिले, त्यावरून कळतं.

पुतण्याला हे सगळं सांगून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे काका, ते हरले ना?"

मी म्हटलं, हो, त्या दिवशी हरलेच.

असो. पुढच्या वेळी मंडईत गेलात तर भाजी घेऊन झाल्यावर एकदा त्या नावाच्या पाटीकडे बघा. आणि बरोबर एखादं लहान मूल असेल, तर ती गोष्ट त्याला पूर्ण सांगा.